कोसबाडची पत्रिका : एका मासिकाचा आणि त्यामागच्या कामाचा इतिहास

डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी महाराष्ट्राला माहीत आहे ती बालशिक्षणामुळे. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी या कल्पना बोर्डी आणि कोसबाड इथल्या प्रत्यक्ष कामातून घडल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे इथल्या घराघरांत आदराने घेतली जातात. या कामाला पहिल्यापासून एका मासिकाची जोड होती, ही गोष्ट मात्र आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. त्या मासिकाचे नाव ‘शिक्षणपत्रिका’. डहाणू-तलासरी पट्ट्यात साहित्याचे आणि कलेचे एखादे छोटे, स्वतंत्र नियतकालिक निघावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा इतिहास एकत्र मांडून ठेवणे गरजेचे आहे. आपल्याला पायापासून सुरुवात करायची नाही, पाया आधीच घातलेला आहे.

भावनगरची मुळे

या मासिकाचे मूळ सौराष्ट्रात आहे. भावनगरला नानाभाई भट्टांनी १९१० साली दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन सुरू केले. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी तिथेच १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्या वेळी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. मानाची, सुरक्षित नोकरी सोडून १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कामात दाखल झाल्या. मॉन्टेसरी बाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवायची, मुलाला न मारता, न धाकदपटशा करता शिकू द्यायचे, हा दोघांचा ध्यास होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि संघाच्या विचारांचे वाहन म्हणून गुजराती ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. गिजुभाई आणि ताराबाई दोघेही तिचे संपादन करीत.

बालमंदिराच्या भिंतींच्या आत किती मुले येणार? शे-दोनशे. त्यांच्या आयांना, वडिलांना, गावोगावच्या शिक्षकांना हे नवे विचार कसे कळणार? व्याख्याने दिली तरी ती ऐकणाऱ्यांपुरती. मासिक मात्र टपालाने गावात जाते, एका घरातून दुसऱ्या घरात फिरते आणि पुन्हा उघडून वाचता येते. म्हणून पत्रिका निघाली. काम आधी उभे राहिले, मासिक त्याच्या गरजेतून आले. या मासिकाच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचा खुलासा या एका क्रमात आहे.

१९३३ : मराठी आवृत्ती

ताराबाई मुंबईत आल्यावर १९३३ साली मराठी ‘शिक्षणपत्रिका’ सुरू झाली. पुढे हिंदी आवृत्तीही निघाली. मराठी नियतकालिकांच्या दृष्टीने तो काळ मोठा गजबजलेला होता. पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ शेवटच्या टप्प्यावर आले होते. ‘किर्लोस्कर’ घराघरांत पोचले होते, ‘स्त्री’ १९३० पासून निघत होते आणि ज्या ‘सत्यकथे’ने पुढे मराठी वाङ्मयाची अभिरुची घडवली तिचा जन्मही १९३३ सालचाच. अशा गर्दीत एका लहानशा शैक्षणिक मासिकाने उभे राहायचे ठरवले. त्याच्या पाठीशी कारखाना नव्हता, मोठा छापखाना नव्हता, जाहिरातदारांची रांग नव्हती. वर्गणीदार आणि कार्यकर्ते हेच त्याचे भांडवल.

त्या काळी मासिक चालवणे म्हणजे काय होते, हे आजच्या तरुणांना सांगायला हवे. मजकूर हाताने लिहून छापखान्यात द्यायचा. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. प्रुफे यायची, तपासायची, परत पाठवायची, दुसरी प्रुफे पुन्हा पाहायची. अंक छापून आला की घड्या, वेष्टने, पत्ते, तिकिटे आणि पोते भरून टपाल कचेरी. वर्गणी मनीऑर्डरने यायची, राहिलेल्यांना आठवणीची कार्डे धाडायची. महिना संपतो न संपतो तोच पुढचा अंक दारात उभा. हे सगळे शाळा, प्रशिक्षण वर्ग आणि व्याख्यानांचे दौरे सांभाळून करायचे होते. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले आणि ताराबाईंचा व्याप आणखी वाढला. १९३९ साली गिजुभाई गेले. जोडीने सुरू केलेल्या विचाराचा भार त्यानंतर मोठ्या प्रमाणात ताराबाईंच्या खांद्यावर आला. पत्रिका थांबली नाही.

तिच्या पानांवरचा विषय एकच होता, मूल. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला भीती कशाची वाटते, खेळ म्हणजे वेळ घालवणे आहे की शिकणे, गोष्ट कशी सांगावी, गाणे कोणते म्हणावे. ताराबाईंची भाषा सरळ होती. पालकांना समोर बसवून बोलल्यासारखे त्या लिहीत. ‘बालविकास व शिस्त’सारख्या पुस्तकामागे आणि ‘नदीची गोष्ट’सारख्या बालवाङ्मयामागे हीच दृष्टी आहे. गाणे, गोष्ट, नाट्य, चित्र, मातीकाम यांना त्यांच्या शिक्षणविचारात मधल्या सुट्टीची जागा नव्हती, ते शिक्षणाच्या गाभ्याशी होते. म्हणूनच ‘शिक्षणपत्रिके’कडे केवळ शिक्षकांचे मासिक म्हणून पाहणे अपुरे ठरते. मराठीत बालकाचा आणि कलेचा संबंध गंभीरपणे मांडणाऱ्या पहिल्या नियतकालिकांत तिची गणना करायला हवी.

बोर्डी, १९४५

शहरातल्या पांढरपेशा घरांतल्या मुलांसाठी बालमंदिरे निघाली, पण खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देत नव्हता. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी निवडण्यामागे कारण होते. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल १९२० पासून या गावात होते आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकाने परिसरातल्या आदिवासींच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला होता. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंना भेटलेल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ याच वर्षी त्यांच्याबरोबर बोर्डीला आल्या. त्यानंतर त्यांनी हा परिसर सोडला नाही.

बोर्डीत पहिलाच धडा मिळाला. बालवाडी उघडली, पण वाड्या-पाड्यांवरची गरीब मुले तिच्यापर्यंत येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, सरपण आणायचे, शिवाय अंगावर धड कपडा नाही. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून, सारवून घ्यायचे. मुलांना गोळा करायचे, हातपाय-तोंड धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे. मग समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया पुढ्यात मांडायच्या. मोजणे, लहान-मोठे लावणे, रंग ओळखणे सगळे त्यातूनच. परदेशातून आणलेल्या महागड्या मॉन्टेसरी साधनांची जागा किनाऱ्यावर आणि रानात फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी घेतली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला हा शब्द देशभर गेला. अशा अनुभवांमुळे या चळवळीच्या लेखनाचाही रंग बदलला. मुंबईच्या वर्गात बसून लिहिलेल्या लेखाला पाड्यावरच्या निरीक्षणाची जोड मिळाली.

१९४५ सालीच या पट्ट्यात आणखी एक मोठी घटना घडली. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो आदिवासींनी वेठबिगार झुगारण्याचा निर्धार केला. त्या लढ्याचा वृत्तांत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोर्डी आणि झरी यांचे मार्ग वेगळे होते. तरीही सावकार-जमीनदाराच्या दारात राबणाऱ्या बापाची बेडी तोडायची आणि त्याच्या लेकराच्या हाती पाटी द्यायची, ही दोन कामे एकाच भूमीवर एकाच वर्षी उभी राहिली, याची नोंद आपल्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

कोसबाडच्या टेकडीवर

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडला हलले. समुद्रकाठचे गाव सोडून थेट वारली पाड्यांच्या मध्ये येणे ही मोठी झेप होती. इथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना जोडून विकासवाडीची कल्पना साकारली. मोठी बहीण शाळेत आली की कडेवरचे मूल पाळणाघरात, म्हणजे तिचीही शाळा बुडत नाही. गुरे राखणारी मुले तर शाळेत येऊच शकत नव्हती, म्हणून शिक्षिका कुरणात गेली. गुरे चरताहेत, मुलांचा एक डोळा त्यांच्याकडे, झाडाखाली फळा टेकवलेला आणि पानाफुलांवरून, पक्ष्यांवरून, दगडगोट्यांवरून धडा चाललेला. ही कुरणशाळा. शिक्षणाचे मोठमोठे ग्रंथ जे सांगतात ते इथे रोज घडत होते.

अनुताईंचे स्वतःचे शिक्षणही असेच अडथळ्यांतून झाले होते. १७ मार्च १९१० रोजी मोरगावला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्यानंतर शिक्षण, शिक्षिकेची नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक आणि १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी.ए. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. टेकडीवरच्या सगळ्या संसाराची जबाबदारी अनुताईंनी उचलली. ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनाची धुराही त्यांनी वाहिली. पुढे स्त्रियांच्या जागृतीसाठी ‘सावित्री’ या मासिकाचे संपादन त्यांनी केले. एका हातात बालवाडीचे हजेरीपत्रक आणि दुसऱ्या हातात प्रुफे, असे हे संपादन होते. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन वाचणाऱ्याला या लेखनाची जातकुळी कळते. अलंकार नाहीत, स्वतःचा बडेजाव नाही, समोर जे घडले ते स्वच्छ शब्दांत. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

परंपरा तिथे संपली नाही. १९८२ साली अनुताईंनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली आणि डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर रचनावादी शिक्षणाचे प्रयोग सुरू झाले. रमेश पानसे यांनी हे काम पुढे नेले. ग्राममंगलनेही ‘शिक्षणवेध’ हे मासिक काढले. शाळा आणि मासिक ही जोडी या मातीत पुन्हा एकदा दिसली. त्यामागे एकच विश्वास आहे. जे काम लिहिले जात नाही ते चार माणसांच्या आठवणीबरोबर नाहीसे होते.

दुसरा प्रवाह

बोर्डी-कोसबाडला हे चालू असताना मराठी साहित्यात नियतकालिकांचा दुसरा एक प्रवाह जन्माला आला. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले, तेही सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, औरंगाबादहून ‘वाचा’ आणि राजा ढाले यांची अनियतकालिके निघाली. प्रस्थापित मासिकांच्या संपादकाच्या पसंतीवर नव्या लेखकाने का अवलंबून राहावे, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. ही नियतकालिके अल्पायुषी ठरली. काहींचे मोजकेच अंक निघाले. पण त्यांनी मराठी कवितेचा आणि दलित साहित्याचा रस्ता मोकळा केला. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तोवर या छोट्या पत्रिकांतली नावे मराठी साहित्याच्या मुख्य धारेत येऊन बसली होती.

‘शिक्षणपत्रिका’ आणि ही अनियतकालिके यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे कारण नव्हते. तरी दोघांत एक साम्य आहे. दोघांनी कोणा धनवानाच्या मर्जीवर मासिक चालवले नाही. वाचक किती, यापेक्षा तो कोण आहे याकडे पाहिले. अनियतकालिकांकडे धार होती, कोसबाडकडे चिकाटी होती. नवे नियतकालिक काढणाऱ्याला दोन्ही लागतात.

राहून गेलेली गोष्ट

कृतज्ञता व्यक्त करताना एक उणीवही सांगितली पाहिजे. या भागाबद्दल जे उत्तम लिहिले गेले त्यात आदिवासी माणूस बहुतेक वेळा विषय राहिला, लेखक झाला नाही. ताराबाई, अनुताई, गोदावरीबाई या तिघींनी त्याच्यावर जीव लावून लिहिले. त्यांच्या लेखनाचे मोल या उणिवेने कमी होत नाही. पण वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी या समाजांच्या बोलींतले सांगणे, त्यांच्याच माणसांनी लिहिलेले, त्यांच्याच माणसांनी संपादिलेले, असे नियतकालिक हे पुढचे पाऊल आहे.

साहित्याचा साठा इथे अमाप आहे. वारली लग्नातला चौक पाहा. झोपडीची कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल केलेली असते. तांदूळ वाटून त्याचे पांढरे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक ठेचून त्याची कुंचली करायची आणि सवाष्णींनी भिंतीवर चौक रेखायचा. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, माणसे, जनावरे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते आणि त्या गाण्यांखेरीज लग्न लागत नाही. तिथे चित्र, कविता आणि विधी वेगळे काढता येत नाहीत. मराठीत साहित्य आणि कला यांना एका मुखपृष्ठात बांधण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. वारली घरात ती एकाच भिंतीवर नांदतात.

ही भिंत जगापर्यंत नेणारे जिव्या सोमा मशे आपल्या गंजाडच्या कळंबीपाड्याचे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांच्या हाती कागद दिला, १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. वारली चित्रशैलीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. तरी आजही कप, पिशव्या, भिंती, निमंत्रणपत्रिका यांवर वारली आकृत्या बेनामी छापल्या जातात. चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि त्याच्या हातात मानधन, एवढी शिस्त जरी एखाद्या छोट्या मासिकाने पाळली तरी ते मोठे काम होईल.

बोलीतून नियतकालिक चालू शकते का, अशी शंका घेणाऱ्यांनी शेजारी पाहावे. गणेश देवी यांनी १९९६ साली वडोदऱ्यात स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक अनेक आदिवासी भाषांतून काढले. ज्यांच्या बोलीला लिपी नाही असे म्हटले जात होते, त्यांनी आपली गाणी, कथा, आठवणी त्यात छापलेल्या पाहिल्या. शिवाय हा शेजार परका नाही. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. पण पाडे, नातीगोती आणि बोली त्या रेषेने तोडल्या नाहीत. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत जन्मली आणि मराठीत वाढली, हे ध्यानात घेतले तर सीमेवरच्या आपल्या पट्ट्यातून मराठी, वारली आणि गुजराती यांना एका अंकात बसवणे हे परंपरेला धरूनच होईल.

पुढच्या पत्रिकेसाठी

कामाच्या काही गोष्टी. १८६७ चा जुना छापखाना कायदा आता राहिला नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. मासिकाच्या नावाची मान्यता आणि नोंदणी यांसाठी आता एकत्र, ऑनलाइन अर्ज करता येतो. पूर्वीच्या खेपा त्यामुळे वाचतात. सुरुवात मासिकाने न करता त्रैमासिकाने करावी. महिन्याला अंक काढण्याच्या ओढाताणीत चांगली चांगली मासिके बंद पडली आहेत. संपादक मंडळात निम्म्याहून अधिक जागा पाड्यांवरच्या तरुण-तरुणींना द्याव्यात. मजकूर आधी ध्वनिमुद्रित करावा, मग सांगणाऱ्याला वाचून दाखवून त्याच्या संमतीने छापावा आणि त्याचे नाव ठळक घालावे. धवलेरीचे गाणे, तारपा वाजवणाऱ्याचे अनुभव, डहाणूच्या चिकूवाडीत किंवा मच्छीमारी बोटीवर राबणाऱ्या माणसाचे सांगणे, आश्रमशाळेतल्या मुलीची कविता, सगळ्याला सारखा मान हवा. छापील अंक शाळा, ग्रंथालये आणि आठवडी बाजारात पोचवावा आणि तोच मोबाइलवरही पाठवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाड्यावर अंकाचे जाहीर वाचन व्हावे. पैशांचा हिशेब दर वर्षी अंकातच छापावा. वर्गणीदाराचा विश्वास तेवढ्याने पक्का होतो.

‘शिक्षणपत्रिके’चा इतिहास आपल्याला शिकवतो तो हाच. मागे काम असेल तर लहान मासिकही टिकते आणि ज्या गावातून ते निघते त्या गावाचे नाव देशात नेते. डहाणू आणि तलासरीच्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी, शिक्षकांनी आणि चित्रकारांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे, ज्यांच्याकडे ‘शिक्षणपत्रिका’ किंवा ‘सावित्री’चे जुने अंक असतील त्यांनी ते जपून ठेवावेत, जवळच्या ग्रंथालयाला द्यावेत आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने नव्या पत्रिकेचा पहिला वर्गणीदार व्हावे, ही कळकळीची विनंती.